अस्वलाचा ओला पंजा

अस्वलराखा तारा पहाटे दिसू लागला, त्याचा तिसरा दिवस. सामोस.

पार्मेनिसकडून धाकटी बहीण मिका हिला.

पत्राच्या सुरुवातीला 'आनंदात राहा' असं लिहितात. तू असशीलच, तुला वेगळं सांगायला नको.

काम नसतं तर मी लिहिलं नसतं, हे तुलाही कळतं. तुझी अस्वलाची फळी कुठे आहे? कोळशाने आकार काढलेली, एका कोपऱ्यात जळलेली ती. वस्त्रघरात बाकी सगळ्या फळ्या आहेत. विंचू आहे, शिकारी आहे, खुर्चीसकट उलटी टांगलेली ती गर्विष्ठ राणी आहे. अस्वल तेवढं नाही. तूच नेलं असणार. नेलं असशील तर पाठव. तिकडे दूर दक्षिणेला, हत्तींच्या बंदरात तुला त्याचा काय उपयोग? तिथे काय हत्तींना शाली विणून घालतेस?

देवळाच्या पुजारीण निकारेतीबाईंनी मला तुझ्या तिपाईवर बसवलं आहे. मी मागितलं नव्हतं. हेराच्या वस्त्रघराची मुख्य विणकरीण आता मी. तिपाईचा एक पाय आखूड आहे हे इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस. शिवाय तिची जागा उजव्या हाताने विणणारीसाठी ठरवलेली. मी डावरी, त्यामुळे मागाचा दांडा दिवसभर कोपराला लागतो. कोपर सुजलं आहे. हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात देवीची आंघोळ झाली की नवं वस्त्र लागेल. तेच आभाळ, तीच नक्षत्रं, खाली तोच समुद्राचा काठ. आणि अस्वल पाण्यापासून चार बोटं वर, कोरडं. या उन्हाळ्यात जे झालं ते मी उगाळत बसणार नाही. अस्वलाचा पंजा लाटेत गेला, देवीला वस्त्र नेसवायच्या आधी सगळ्या बायकांनी तो पाहिला, आणि तू म्हणालीस, "माझ्याच हातून झालं." तू म्हणालीस, मी नाही. मग तू तुझ्या सुताराबरोबर बोटीत बसून निघून गेलीस. सोसिसला हत्ती वाहून नेणाऱ्या जहाजांवर काम मिळालंच होतं, तेव्हा तुझं फार काही अडलं नाही.

आई बरी आहे. डोळ्यांनी आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तिला मी भरवते, मी आंघोळ घालते, आणि हाक मारते ती तुला. मी "ओ" देते.

वस्त्रावर हात ठेवून मुख्य विणकरणीने म्हणायचे ते शब्द मी पाठ करते आहे. 'माझ्या हाताने या घराच्या वस्त्राला खोट आली नाही.' सोपे आहेत. फळी पाठव.

सात बहिणींच्या चांदण्या पहाटे समुद्रात बुडाल्या. उद्या शेवटची बोट.

मिका,

फळी आली नाही. एवढ्यात येणार नाही हे मला कळतं, पण रोज बंदरावर माणूस पाठवते. तो रोज जास्त पैसे मागतो.

मी वाट बघत बसले नाही, माझं मी अस्वल विणायला घेतलं. चार दिवस विणलं. पाचव्या दिवशी बितोमावशी चाती फिरवत मागाजवळ आली, मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला.

"पार्मेनिस, बाई, हे अस्वल आहे की गाभण डुकरीण?"

"अजून व्हायचं आहे," मी म्हटलं.

"व्यायचं आहे, ते दिसतंच आहे. पण झ्यूस हिच्यामागे लागला होता म्हणतेस? मला नाही बाई पटत."

सगळ्या हसल्या. मागाच्या मातीच्या वजनांनासुद्धा हसू आलं असावं, अशी ती एकमेकांवर आपटली. मी रात्र पडायच्या आत सगळं उसवलं. कपाळावर आठीही आणली नाही, पण अंगाचा तिळपापड झाला होता हे तुला लिहायला हरकत नाही, तू इतकी लांब आहेस.

तुझं कसं होतं? तू सात वर्षांची असताना चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर अस्वल काढलंस. बाबांनी शेजाऱ्यांना हाका मारून आणलं. "बघा, बघा, चालतंय की नाही?" त्या दिवशी मी तीन टोपल्या लोकर पिंजली होती. शेजाऱ्यांनी टोपल्या ओलांडल्या आणि भिंतीकडे गेले. एकाचा पाय टोपलीत पडला. बाबांनी मलाच म्हटलं, "टोपल्या वाटेत का ठेवतेस?" भिंत पुढे चुना लावून पांढरी केली, पण मला अजून ती जागा दाखवता येते.

परवा आईने पुन्हा ती गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती, ती आपणहून सुरू करते. आर्कादियाच्या रानातली कालिस्तो, देखणी शिकारीण. झ्यूस तिला फसवून भेटला, पोर झालं, आणि त्याच्या बायकोने, हेराने, तिला अस्वल केलं. पोर मोठं होऊन शिकारी झालं आणि भाला घेऊन आईच्याच अंगावर धावलं. मग झ्यूसने दोघांना उचलून आभाळात ठेवलं, आई पुढे आणि राखणदार लेक मागे. इथवर आई नेहमी रडते. मग हेरा समुद्राच्या म्हाताऱ्या देवांकडे गेली, ज्यांनी तिला लहानपणी वाढवलं होतं. त्यांना म्हणाली, "या बयेला तुमच्या पाण्याला शिवू देऊ नका." म्हणून सगळी नक्षत्रं संध्याकाळी न्हाऊन येतात, आणि अस्वल बापडं कोरडंच गोल गोल फिरतं.

"वाईट केलं हेराने," आई म्हणते.

मी गप्प बसते, पण तुला विचारते. हेराचं कोण ऐकतं? घर तिने सांभाळायचं, नवरा तिने झेलायचा, आणि चमकायचं दुसरीने, तेही तिच्या डोक्यावर, रोज रात्री, सगळ्या जगासमोर. एक आंघोळ नाकारली तर केवढा गवगवा! मला हेरा कळते. आपल्या बेटावरची जी बाई म्हणेल की मला नाही कळत, ती खोटं बोलते.

आईला मी काल माझं काम हाताने चाचपायला दिलं. डुकरीण नाही, काठाचा समुद्र.

"मिकाचं आहे का?"

"नाही. माझं."

"हं," आई म्हणाली. बोटं फिरवली. "छान आहे. दाट आहे."

दाट! एवढ्या वर्षांत मला मिळालेला हा एक शब्द.

फळी पाठव. प्रकृतीला जप असंही लिहितात शेवटी. लिहिलं.

हिवाळा. खंड्याचे अंडी घालायचे शांत दिवस. बोटी बंद.

मिका,

बोटी बंद आहेत, त्यामुळे हे पत्र जाणार नाही. म्हणून लिहिते आहे.

पंजा मी केला.

तू त्या वस्त्राची चार महिने चाकरी केलीस. तुझं शेवटचं काम संपलं त्या दुपारी सगळ्या जेवून अंजिराखाली आडव्या झाल्या होत्या. मी आत गेले. तुझ्या टोपलीतला अक्रोडाच्या सालीत रंगवलेला तपकिरी धागा घेतला, तुझ्याच डबीतली सुई घेतली, आणि अस्वलाचा पुढचा पंजा त्या चार बोटं कोरड्या जागेतून खाली लाटेत उतरवला. अकरा टाके लागले. मी मोजले, कारण माझा हात कापत नव्हता आणि त्याचं मला नवल वाटत होतं. बाहेर एक मोर ओरडला तेव्हा तेवढी दचकले.

हेराच्या वस्त्रावर अस्वल ओलं! तिच्याच घरात, तिच्याच अंगावर. तुला हाकलतील हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहायला घेतलं होतं, ती ओळ खोडली आहे.

का केलं ते सांगते. निकारेतीबाई काठावर तुझं नाव विणायचं म्हणत होत्या, म्हणून नाही. ते मी पचवलं असतं. त्या दुपारच्या आदल्या दिवशी तू आईला हात धरून वस्त्रघरात आणलंस. तिची बोटं धरून वस्त्रावर फिरवलीस. शिकाऱ्यावरून, विंचवावरून, सात बहिणींवरून. अस्वलाशी आली तेव्हा आई थांबली. त्याची पाठ, कान, नाक, सगळं चाचपलं आणि ती रडायला लागली. "चालतंय गं," म्हणाली, "चालतंय." मग तिचा हात खाली आला. खाली माझा समुद्र होता. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, तीन प्रकारचा निळा, दीड महिन्याचं काम. तिची बोटं त्यावरून नुसती निघून गेली. वस्त्र कुठे संपतं ते बघण्यापुरती.

मी तिथेच उभी होते. तुम्ही दोघी माझ्याकडे न बघता बाहेर गेलात.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या अस्वलाला माझ्या पाण्यात ओढलं. बस, एवढंच.

आणि तू! तू आरडाओरडा करायला हवा होतास. मी तयारी केली होती. तुझ्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. पण बितोमावशीने किंचाळून पंजा दाखवला तेव्हा तू नुसतीच त्याच्याकडे पाहत राहिलीस. मग वाकून अगदी जवळून पाहिलंस. मग सरळ झालीस आणि म्हणालीस, "माझ्याच हातून झालं. शेवटी शेवटी डोळे मिटत होते." माझी सगळी उत्तरं माझ्या घशात राहिली. अजून आहेत.

मला तुझा राग येतो तो यासाठी. चूकसुद्धा अशी कबूल केलीस, की बायका डोळे पुसायला लागल्या.

हे पत्र मी पिठाच्या रांजणामागे ठेवते आहे. आईला दिसत नाही, आणि दुसरं कोणी घरात येत नाही.

सात बहिणी पहाटे पुन्हा वर आल्या. बोटी सुरू.

मिका,

फळी पोचली. पत्रही पोचलं. फळीची दुसरी कडाही आता जळली आहे. सोसिसने डांबर तापवताना जवळ ठेवली असेल, पुरुषांना काय त्याचं.

पत्र मी आईला सात वेळा वाचून दाखवलं. आठव्या वेळी मी म्हटलं, "आई, घसा बसला," तर म्हणाली, "पाणी पी आणि वाच."

तू लिहितेस, तिथे ऊन असं आहे की दुपारी दगडावर भाकरी भाजते. लिहितेस, हत्तीला जहाजात चढवताना चाळीस माणसं लागतात, आणि पिल्लू मागे राहिलं तर हत्तीण हलत नाही. हे मी भराभर वाचते. आई त्यासाठी थांबत नाही. ती या ओळींसाठी थांबते, मला त्या पाठ झाल्या आहेत:

'ताई, इथे एक गोष्ट आहे जी सामोसमध्ये कोणी खरी मानणार नाही. इथे अस्वल समुद्रात उतरतं. आम्ही इतक्या दक्षिणेला आहोत की हेराचा हुकूम इथवर पोचलेला नाही. आधी पुढचा पंजा पाण्याला लागतो, मग नाक, मग सगळी पाठ. आधी पंजा, ताई. अगदी तसाच.'

आई हसली. दात नसलेलं सगळं तोंड उघडून हसली. "एवढ्या वर्षांनी न्हायला मिळालं गं बाईला!" मग विचारलं, "वर येताना अंग ओलं दिसतं का तिचं? मिकाने लिहिलंय का?"

"नाही लिहिलं."

"विचार तिला."

मी नाही विचारणार. मिका, तुला एक सांगू? तू चुकलीस म्हणून हाकलली गेलीस, आणि जिथे जाऊन पडलीस तिथलं आभाळच तुझ्या चुकीप्रमाणे चालतं. दुसरी एखादी खड्ड्यात पडली असती तर तिचा पाय मोडला असता. तू पडलीस तर तुला हंडा सापडतो. मी इथे बसून तीच कोरडी चार बोटं विणते आहे, आणि तू आंघोळ बघतेस. मी सबंध जन्मात सामोसच्या किनाऱ्यापलीकडे गेले नाही. मला कोणी हत्तीण दाखवली नाही.

'अगदी तसाच' असं का लिहिलंस? मला डिवचायला? तुझा तसा स्वभाव नाही. असता तर आपलं बरं जमलं असतं.

आणि शेवटी लिहितेस, 'आईला सांग, ताईची काळजी घे म्हणावं.' उलटं लिहिलं आहेस. काळजी मी घेते तिची. उन्हाने डोकं फिरलं असेल, म्हणून सोडून देते.

तुझ्या फळीवरून अस्वल विणून झालं. चालतंय. बितोमावशी आली, मान एका बाजूला केली, दुसऱ्या बाजूला केली, आणि काही न बोलता गेली. मी आनंदाने वेडी व्हायला हवी होते. पण विणताना सबंध वेळ मला तुझा हात माझ्या हाताखाली लागत होता.

देवीच्या आंघोळीला वीस दिवस राहिले. ते शब्द मी रोज म्हणून बघते. 'माझ्या हाताने या घराच्या वस्त्राला…' इथवर येतात. पुढे जात नाहीत. दुसऱ्या कोणापुढे खोटं बोलणं वेगळं. हेरापुढे कसं बोलू? जळणं म्हणजे काय हे तिला शिकवायला जायचं का मी?

न बोलले तर तिपाई जाईल. बोलले तर बहुतेक घर जाईल, बेटही जाईल. देवीच्या वस्त्रात मुद्दाम खोट घालणारीला इथे कोण ठेवून घेईल? आणि मग आईला कोण भरवेल, हे तू सांग. हत्ती भरवतील?

शिकारी पहाटे उगवला.

मिका,

या पत्राबरोबर दुसरं एक आहे, पिठाचा वास येईल त्याला. ते आधी वाच. हिवाळ्यात लिहिलं होतं. मग हे वाच.

वाचलंस? बरं.

तर देवीला आम्ही पहाटेच किनाऱ्यावर नेलं, निर्गुडीच्या फांद्यांत गुंडाळून, दरवर्षीसारखं. आंघोळ झाली. जवाच्या वड्या पुढे मांडल्या. एक मोर सुटून आला होता, तो वड्यांभोवती घिरट्या घालत होता आणि कोणी त्याला हाकलत नव्हतं, कारण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. नवं वस्त्र चौघींनी ताणून धरलं होतं. निकारेतीबाई म्हणाल्या, "पार्मेनिस, हात ठेव."

मी हात ठेवला. डावा. म्हणायला लागले, "माझ्या हाताने या घराच्या वस्त्राला…"

आणि देवीकडे पाहिलं. लाकडी केसांवरून पाणी गळत होतं. ती स्वतः दरवर्षी न्हाते, बघ, आणि दुसरीला न्हाऊ देत नाही. मला हसू आलं की रडू ते सांगता येणार नाही.

"…खोट आली," मी म्हटलं. "गेल्या वर्षीचा पंजा माझा. मिकाने काही केलं नव्हतं."

 मोराने एक वडी उचलली.

मला वाटलं वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. मी ओरडून सांगितलं, "पंजा मी केला! अकरा टाके!"

"हो, हो," बितोमावशी म्हणाली, "ओरडू नको. ऊन चढतंय, पुढे चल."

मी चौघींकडे पाहिलं. एकीने मान खाली घातली. एक गालात हसत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं वेडे," निकारेतीबाई म्हणाल्या, "आमच्या घरात डावरी तू एकटी. सगळ्यांचे टाके उजवीकडे झुकतात, तुझे डावीकडे. अकराच्या अकरा. मिका वाकून बघत होती तेव्हा मीही तिच्या खांद्यावरून बघत होते."

मिका, बावीस वर्षं मी त्या घरात शिवते आहे. प्रत्येकीला माझा टाका ओळखू येतो. तुझ्या टोपलीतला धागा घेतला, तुझी सुई घेतली, आणि हात मात्र माझाच वापरला. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शपथेवर सांगते, आजवर आलं नव्हतं. वर्षभर मी गुपित सांभाळत होते आणि बायका माझ्या मागे उभ्या राहून ते बघत होत्या.

"मग मला ठेवलंत कशाला?" मी विचारलं. "तिपाईवर बसवलंत कशाला?"

"मिकाने माझे पाय धरले," निकारेतीबाई म्हणाल्या. "म्हणाली, सोसिस जातोच आहे, मीही जाईन. माझं नाव बुडालं तर तिकडे कोणाला कळणार आहे? पण ताईला घालवलंत, तर तिची आईही सुटेल. माझ्याजवळ सोसिस आहे, हातात कला आहे. ताईला आईवाचून दुसरं कोण आहे? या वेळी आई तिला राहू दे."

मी वस्त्रावरचा हात काढला नव्हता. काढता येत नव्हता.

"आणि दुसरं," निकारेतीबाई म्हणाल्या, "जळणाऱ्या बाईला या घरात थारा नाही, असं मला म्हणता येतं का? घर कोणाचं आहे ते बघ की."

सगळ्यांनी देवीकडे पाहिलं. बितोमावशी आधी हसली, मग बाकीच्या. मीसुद्धा. हसता हसता मी खाली वाळूत बसले आणि मग कोणी माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं केलं.

वस्त्र देवीला नेसवलं. तुझं अस्वल, चार बोटं कोरडं. निकारेतीबाईंनी तिथेच सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं आणि वस्त्रघराचं दार तुला उघडं असल्याचं सांगितलं. तिपाई रिकामी ठेवली आहे. मला शिक्षा म्हणून एक वर्ष एकही आकार विणायचा नाही, फक्त समुद्र. निळ्यात निळा. मी "बरं" म्हटलं. मला तेच येतं. दाट येतं.

वर्षभर मी मनात कुरकुरत होते, की आई माझ्या गळ्यात टाकून तू मोकळी झालीस. तू ती मला देऊन गेली होतीस. आणि त्या आगाऊ ओळीत आईला सांगितलंस, माझी काळजी घ्यायला. मला तुझा इतका राग आला मिका, की मी घरी येताना वाटभर तुझ्याशी मोठमोठ्याने भांडले. चांगुलपणातही मला पुढे जाऊ देणार नाहीस का? आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी वाईट स्वतःच्या हिमतीवर केलं होतं, तेसुद्धा तू उचलून आपल्या डोक्यावर घेतलंस!

घरी आईला सगळं सांगितलं. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं ती तोंड फिरवेल.

"हात दे," म्हणाली. "तो नाही. डावा."

माझा हात घेतला आणि बोटं चाचपली, एक एक करून, जशी अस्वलाची पाठ चाचपली होती तशी. सुईचे घट्टे लागले तिथे थांबली. 

"मीही डावरी होते," म्हणाली. "आईने दोरीने बांधून ठेवला होता माझा हात, उजव्याने शिकेपर्यंत. तुझा मी बांधला नाही. बांधला असता तर तुझा टाका कोणी ओळखला नसता, आणि मग मिका उगाच वाईट ठरली असती." मग म्हणाली, "मिकाचे हात तुमच्या बाबांवर गेले. तुझे माझ्यावर."

हे तुला माहीत नव्हतं ना? आईने तुला कधी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं. हे मी तुला मुद्दाम लिहिते आहे, जळावीस म्हणून. थोडी तरी जळ.

परत यायचं असेल तर ये. तिपाईच्या आखूड पायाखाली मी लाकडाची चकती ठेवली आहे. आलीस तर मी पुन्हा जळेन, हे आत्ताच कबूल करते, मागाहून नाही. सुया मात्र आता वेगवेगळ्या डब्यांत ठेवू.

आणि यायचं नसेल तर एवढं लिही. आईने विचारलंय, आणि मीही विचारते आहे. अस्वल समुद्रातून वर येतं तेव्हा त्याचं अंग खरंच ओलं दिसतं का?

तुझी ताई,
पार्मेनिस